जगप्रदक्षिणा मार्गे हातखंबा

आमचे हे एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरात ह्यांच्या डोक्यात जग शिरलं. जन्मभर रत्नागिरी-लांजा आणि लांजा-रत्नागिरी केलेला माणूस! मधे हातखंब्याला चहा, एवढंच ह्यांचं जग. आणि एके दुपारी ताटातल्या बांगड्याकडे बघत म्हणतात कसे, "दमयंती, मी गाडी घेऊन जगभर फिरून येतो."

मी म्हटलं, "जा. येताना कोथिंबीर आणा."

मला वाटलं थट्टा. कसली थट्टा! पुढच्या आठवड्यात लांज्याहून एका शाळेची मोडीत काढलेली पिवळी मिनीबस आमच्या दारात उभी. सीटांखाली पोरांनी चिकटवलेलं च्युइंगम तसंच. हे तिच्याकडे असे बघत होते, की लग्नात माझ्याकडेसुद्धा तसं बघितलं नव्हतं.

जाऊ देत बापडे, माझं काय जातंय? पण 'मी जातो' म्हणाले, 'आपण जाऊ' नाही म्हणाले. ते माझ्या टाळक्यात बसलं. मुलगी सासरी, मुलगा सागर मुंबईला नोकरीला, घरात आम्ही दोघंच, आणि हा माणूस म्हणतो 'मी'! मग मीही ठरवलं, विचारल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. जळ्ळं मेलं ते जग! पण खरं सांगते, एकदा नुसतं विचारलं असतं तर पदर खोचून ह्यांच्याआधी गाडीत जाऊन बसले असते. ह्यांच्या गाडीत मी आजवर बसले ती माहेरी जाताना, आणि तेव्हाही हे आरशातून कंडक्टरला बजावायचे, "त्या बाईंचं तिकीट फाडलं काय?"

असा नियमाचा माणूस. गाडीत ह्यांनी शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली, झोपायला फळी ठोकली. पुढे पाटी रंगवली, 'जग, मार्गे हातखंबा'. आणि शेवटी छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ओढून स्वतःच्या डोक्यावर पितळी घंटी टांगली, जुन्या एस.टी.त असायची तशी. कंडक्टरने एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं.

"आत माणूस नाही काणूस नाही, घंटी कोणासाठी हो?" मी विचारलं.

"गाडी म्हटली की घंटी आलीच," असं म्हणून हे आमसुलाने ती घंटी घासायला लागले.

इकडे वाडीत बातमी पसरली. पण आमच्या वाडीला जगाशी काय देणंघेणं? गाडी मुंबईवरून जाणार, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. झालं! शेजारची मैना विक्रोळीच्या मुलासाठी तांदळाची गोणी घेऊन आली. कोणी भांडुपच्या व्याह्यांना दोन फणस दिले, कोणी डोंबिवलीला कुळथाचं पीठ. एकाचा भाचा लंडनला, त्याच्यासाठी सुकट! ह्यांनी कोणाला नाही म्हटलं नाही. "वाटेतच आहे," म्हणायचे. गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. फक्त मागची, दोरीच्या टोकाजवळची खिडकीची सीट ह्यांनी भरू दिली नाही. मैना तिथे तिसरा फणस ठेवायला गेली तर खेकसले, "ती राखीव!"

निघायच्या दिवशी सकाळी सगळी वाडी अंगणात. गावचे मानकरी गंगारामतात्या नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझा आत्माराम जग बघायला चाललाय. त्याच्या वाटेत काय वाकडं येईल ते दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"तुझी राखण गावच्या शिवेपर्यंत. पुढं हातखंब्याच्या देवाला सांग, त्यानं नेपाळच्या देवाला सांगावं, त्यानं चीनच्या..." तात्या अडकले. चीनमध्ये कोणाला सांगायचं हे त्यांना सुचेना. "तिथं जो कोण ड्युटीवर असंल, त्याच्या कानावर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या नवराबायकोला सुखरूप परत आण..."

"तात्या, एकटेच चाललेत ते," मैनाने मधेच तोंड घातलं.

तात्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "एकटा? आणि बायको काय गहाण ठेवलीस काय रे?" मी उगाच माडाच्या शेंड्याकडे बघत बसले.

नारळ फुटला. हे गाडीत बसले. इंजिन सुरू झालं. सगळ्यांनी हात हलवले, मैनाने डोळे पुसले. गाडी हलेना. सगळ्यांनी परत हात हलवले. गाडी जागची हलेना. पोरं मागून ढकलायला लागली, तर ह्यांनी ब्रेक दाबला! मैनाचे डोळे पुसून पुसून लाल झाले.

माझं डोकं फिरलं. खिडकीशी जाऊन म्हटलं, "काय झालं हो? जायचंय ना? मग मरायला थांबलात कशाला?"

हे समोर बघत म्हणाले, "बेल नाही."

"कसली बेल?"

"बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. जन्मात कधी हलवली नाही."

"मग कंडक्टर आणायचा होतात!"

"सीट राखून ठेवलेय," हे पुटपुटले. कानाच्या पाळ्या लाल. "विचारायला धीर होईना. तू नाही म्हणाली असतीस, तर मग जाण्यात काय राम होता?"

अगो बाई! इतके महिने मी फुगून बसले होते आणि हा बाबा घंटी घासत बसला होता. पण मी सोडते काय? कमरेवर हात ठेवून म्हटलं, "असं नाही. सगळ्यांसमोर तोंडाने विचारा."

ह्यांनी इंजिन बंद केलं. साऱ्या वाडीसमोर टोपी काढून विचारलं, "दमयंती, येतेस काय?"

"व्हय म्हाराजा!" तात्याच ओरडले, आणि मागोमाग सगळी वाडी.

मग काय! गॅस बंद केला, घराची चावी आणि मांजर मैनाच्या हातात दिली, चार साड्या पिशवीत कोंबल्या. नेपाळपर्यंत मतदानाचं कार्ड चालतं म्हणे, पुढचं पुढे. राखीव सीटवर बसले आणि दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली.

वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर हे सवयीने थांबले. एक म्हातारी चढून बसली नि उतरेचना, शेवटी भांडुपचा एक फणस देऊन तिला उतरवली. हातखंबा आला. मुंबई डावीकडे, लांजा उजवीकडे. आणि ह्यांनी निवांतपणे गाडी उजवीकडे वळवली!

मी दोरी एकदा ओढली. गाडी जागच्या जागी उभी.

"अहो, जग डावीकडे!"

हे आरशातून माझ्याकडे बघून हसले. "आता कळलं, घंटी कोणासाठी?"

मी डोळे पुसले आणि दोरी दोनदा ओढली.