मामांचा पांढरा गिलावा

आमचे मामा गवंडी, पण अख्खी वस्ती त्यांना 'हत्तींचे व्याही' म्हणायची. मामांनी घर बांधलं की वर्षाच्या आत हत्ती भेटीला येणार आणि एखादी भिंत पाडून जाणार, हे ठरलेलंच. दुसऱ्या गवंड्यांच्या भिंती वेड्यावाकड्या, पण उभ्या. मामांच्या गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र आणि आडव्या.

आधी मामा हसण्यावारी न्यायचे. मग कामं मिळेनाशी झाली. वस्ती जंगलात सरकली, हत्तींची वाट अडली, म्हणून ते चिडलेत, असं सगळे म्हणत. मला ते पुरतं पटायचं नाही. राग असेल तर सगळ्यांवर निघेल. आमच्या मामांनीच त्यांचं काय घोडं मारलंय?

खरी काळजी ताईची होती. मामांची ही एकुलती एक लेक वस्तीच्या शेवटच्या गल्लीत राहायची, मामांनीच बांधून दिलेल्या घरात. तिचे दिवस भरत आले होते आणि पलंग नेमका मागच्या भिंतीला लागून. माहेरी न्यावं तर मामांच्या स्वतःच्या घराला मागे भिंतीऐवजी पत्रे ठोकलेले. अशात तिच्या शेजारचं घर पडलं. तेही मामांचंच काम.

मामा ते बघायला गेले, त्यांच्यामागे मी. नाक खुपसायची माझी सवय जुनीच. ढिगाऱ्यात विटा होत्या, पण त्यांच्यावरचा गिलावा जवळपास नाहीसा झालेला. चाटूनपुसून ठेवलेल्या ताटासारख्या विटा.

"मामा, गिलावा गेला कुठे?"

"चुरा झाला असेल."

"मग चुरा कुठंय?"

मामांनी एक वीट उचलली, कडेला राहिलेली खपली नखाने काढली आणि जिभेवर ठेवली. मला हसू फुटलं, पण त्यांचा चेहरा बघून ते जिरलं.

"खारट आहे," ते म्हणाले.

मामींनाही कधी न सांगितलेलं गुपित त्यांनी तेव्हा मला सांगितलं. ओढ्याच्या वळणावर पांढऱ्या मातीची दरड होती. ती माती कालवून लावली की भिंत चमकायची. लहानपणी त्याच दरडीवर हत्तींना माती खाताना त्यांनी पाहिलं होतं, पण पोटापाण्याच्या धावपळीत विसरून गेले. पुढे निम्मी दरड घरांखाली गेली. उरलेली मामांनी गाडीगाडीने आणून भिंतींना लावली.

"म्हणजे ते चिडून येत नव्हते," मी म्हणाले. "खायला येत होते."

"कुणाला बोलू नकोस." चार पावलं गेल्यावर ते थांबले. "नको, मीच सांगतो. पण आधी ताईची भिंत."

त्याच दुपारी त्यांनी तिच्या मागच्या भिंतीला छिन्नी लावली. त्यांच्या हातची ती सगळ्यात देखणी भिंत.

"बाबा, अहो काय करताय?" ताई घाबरून बाहेर आली.

"तुझ्या घराला सगळ्यात चांगली माती लावली होती गं," एवढंच ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

नुसत्या विटा उरल्यावर त्यांनी भिंत पाण्याने खसाखसा धुतली. निघालेला गिलावा आम्ही हातगाडीने ओढ्यापलीकडे नेऊन ओतला.

सकाळी उजाडताना आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीवर बसलो होतो. कळप आला आणि ओढ्यापलीकडच्या गिलाव्याच्या ढिगावर तुटून पडला. एक हत्तीण मात्र ओढा ओलांडून सरळ ताईच्या घरामागे आली. ताईने माझं मनगट घट्ट धरलं. हत्तिणीने सोंड विटांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. जिथे आत पलंग होता, तिथे बराच वेळ हुंगलं. मग ती वळली आणि ओढ्यापलीकडच्या ढिगाकडे चालू लागली.

"नाही आवडली तिला," मामा म्हणाले. ते हसत होते आणि डोळेही पुसत होते.

मग छिन्नी-हातोडा घेऊन ते खाली उतरले, पुढच्या गल्लीत गेले आणि आपणच बांधलेल्या पहिल्या घराचं दार वाजवलं.

"दादा," ते म्हणाले, "तुमची भिंत खरवडायला आलोय."