निळ्या कागदावरचे बिबडे

काल गच्चीवरची प्लास्टिकची बादली उचलली तर कडीच तुटून हातात आली, बोटांना पांढरी भुकटी लागली, आणि मला या घरातला माझा पहिला उन्हाळा आठवला. धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी जळगावात आले होते. नवरा दिवसभर पाइपच्या कारखान्यात, गल्लीत ओळख कुणाची नाही. ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, आमच्याकडे चारचौघी जमून करतात. पण बोलवणार कुणाला, म्हणून मी एकटीनेच थापले आणि वर्षभर गच्चीवर पडून असलेल्या निळ्या प्लास्टिकच्या कागदावर वाळत घातले. संध्याकाळी सोडवायला गेले तर कागदाचाच चुरा व्हायला लागला. प्रत्येक बिबड्याच्या पाठीला निळे कपचे चिकटलेले. ते नखाने खरवडताना रडू आवरेना. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून तिथल्या अक्का अगदी माझ्या आईच्या बोलीत म्हणाल्या, "माय, तो कागद उनमा मरी जायेल शे. माले काब्र हाक नही मारी?" दुसऱ्या दिवशी त्या बिबड्यांखाली अंथरायला आपलं जुनं लुगडं घेऊन आल्या, आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात बिबडे आम्ही दोघींनीच केले. काल तुटकी कडी हातात धरून मी त्यांच्या गच्चीकडे बघत राहिले. त्या गेल्यापासून घराला कुलूप आहे. तरी मी एकदा हाक मारली.