बंगळूर ट्रायल्स: पहिल्या नंबरवरून नवव्यावर

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं तेव्हा मी घरी सांगितलं की बेसबॉलवर लिहिणार आहे. बाबांनी विचारलं, "कशावर?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून हा ब्लॉग चालू आहे. नवीन वाचकांसाठी सांगतो. यंदा आपल्याकडे महिला बेसबॉलची व्यावसायिक लीग सुरू होतेय. चार संघ आहेत. बंगळूरला आधी दोन दिवस ट्रायल्स आणि मग ड्राफ्ट, म्हणजे चारही संघांनी आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायची. देशभरातल्या हौशी पोरींमधून वीस जणींची क्रमवार यादी मी मराठीत आणि इंग्रजीत टाकली होती. असली यादी दुसरं कोणीच करत नाही, ही बढाई मी याच ब्लॉगवर चारदा तरी मारली आहे.

यादीत पहिली होती पूर्वा. बंगळूरच्याच बनशंकरी भागातली, घरी मराठी, उजव्या हाताची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. मागच्या राष्ट्रीय स्पर्धेत मी स्कोअरर होतो, तिथं ओळख झाली. पहिला नंबर तिच्या बॉलने मिळवला होता, यात शंका नाही. पण मी तिच्याकडे यादीला लागतं त्यापेक्षा जास्त बघत होतो, हेही खरंच. ती म्हणाली, "ट्रायल्सना ये की." मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

जायचं कसं

मिरजेहून दुपारनंतर गाडी पकडायची, सकाळी बंगळूर. स्लीपरला गर्दी असते, पण बेळगावनंतर पाय पसरायला मिळतात. हुबळीला चहा घ्या, जेवण घरूनच न्या. यशवंतपूरला उतरून रिंगरोडची बस धरली. निळी एसी बस महाग पडते, पण बॅगेला जागा मिळते.

मुक्काम मारतहळ्ळीत, मावसभाऊ निखिलच्या फ्लॅटवर. तो आयटीत आहे, मूळचा पुण्याचा. मैदान बेळ्ळंदूरच्या पलीकडे, एका खाजगी शाळेचं. किती लांब आहे विचारलं तर म्हणाला, "ड्यूड, इथे अंतर किलोमीटरमध्ये नाही मोजत, पॉडकास्टमध्ये. मारतहळ्ळी ते बेळ्ळंदूर दीड पॉडकास्ट. पाऊस असेल तर अख्खी सीरिज."

सकाळी सातच्या आत निघा. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्या उभ्या खाराभात आणि कॉफी घ्या, पोट दुपारपर्यंत गप्प बसतं.

पहिला दिवस

मैदान लाल मातीचं, मागे काचेच्या इमारती. दोरीच्या आत संघांची माणसं, बाहेर आईबाप आणि माझ्यासारखे.

पूर्वाचा चेंजअप ज्यांनी पाहिला नाही त्यांना कसा सांगू? हात तोच, वेग तोच वाटतो, बॅटर जीव खाऊन बॅट फिरवते आणि बॉल त्यानंतर येतो, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. तिघी जणी अशा फसल्या. तिसरी तर स्वतःच हसली.

तिला सरावाला बॉल पकडून देणारा मुलगा म्हणजे मंजू. इथलाच, उंच, सारखा बडबडणारा. दोघं कन्नडमध्ये बोलत होते आणि खिदळत होते. मला कन्नड येत नाही. आपल्याला न येणाऱ्या भाषेत आपली आवडती व्यक्ती हसली, की डोक्यात काय काय चालू होतं ते ज्याचं त्याला माहीत.

ट्रायल संपल्यावर कॉफीला जायचं ठरलं होतं. मी गेटपाशी उन्हात उभा. ती मंजूच्या स्कूटरवर मागे बसून बाहेर आली, मला बघून ओरडली, "सॉरी रे, उद्या नक्की!" आणि गेली. का गेली ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

परतीची बस बेळ्ळंदूरला जाममध्ये अडकली. तलावाचा वास खिडकीतून आत, बाजूच्या बाईचा व्हिडिओ कॉल माझ्या कानात, डोकं तापलेलं आणि हातात फोन. मी यादी उघडली. पूर्वाला पहिल्यावरून उचलून नवव्यावर टाकलं. नुसतं खाली ढकललं तर लोक विचारतील, म्हणून पुढे एक ओळ लिहिली: "खांदा थकलेला वाटतो, संघांनी काळजी घ्यावी." बस हलायच्या आत ते प्रसिद्धही झालं.

तिच्या खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. ही ओळ मी रागाने, मनाने बनवून लिहिली.

फ्लॅटवर निखिलने फोन बघून विचारलं, "अरे सम्या, पहिली एकदम नववी? इंज्युरी आहे का?"

"हो," मी म्हणालो. मग आम्ही बिर्याणी मागवली.

दुसरा दिवस

सकाळपर्यंत राग उतरला होता. मैदानावर पोचलो की गुपचूप यादी नीट करायची, असं मनात होतं. मला वाटत होतं, वाचतंय कोण? माझे चारशे वाचक, त्यातले निम्मे कोल्हापूरचे.

पूर्वाचे ठरलेले बॉल टाकून झाले होते आणि ती बूट सोडत बसली होती. एका संघाचा माणूस हातात टॅब घेऊन तिच्याकडे गेला. दोरी मध्ये होती, पण सगळं ऐकू येत होतं.

"शोल्डर में क्या इश्यू है?"

"कुछ नहीं सर. किसने बोला?"

"लिस्ट में लिखा है." त्याने टॅब तिच्यापुढे धरला. मागे उभ्या दुसऱ्या संघाच्या बाईकडेही छापलेला कागद होता. माझीच यादी. या संघांनी पैसे घातले होते, पण बेसबॉल त्यांच्यातल्या कुणाला धड कळत नव्हता. बाजारात एकच यादी होती, ती त्यांनी घेतली होती.

पूर्वाने वाचलं. मग मान वर करून दोरीबाहेर शोधलं आणि मी सापडलो. तिने बुटाची नाडी परत बांधली.

"फेंक के दिखाती हूँ."

ती टाकत राहिली. ऊन चढलं होतं. तो माणूस म्हणे, और एक, जरा जोर से. प्रत्येक बॉलनंतर तो चेहऱ्याकडे बघायचा, दुखतंय का म्हणून. न दुखणारा खांदा दुखत नाही हे दाखवायला ती दुखेपर्यंत टाकत होती. मंजू बॉल पकडायचा हातमोजा खाली ठेवून उठला. "साकु अक्का, साकु." पुरे, ताई, पुरे.

अक्का तर आमच्या कोल्हापुरातही म्हणतात. कालही तो तिला अक्काच म्हणत असणार. काल मला ते ऐकायचंच नव्हतं.

मी दोरीखालून आत शिरलो. "सर, ये लिस्ट मेरी है. शोल्डरवाला गलत है, मैंने ही गलत लिखा."

तो माणूस माझ्याकडे, मग तिच्याकडे बघून हसला. "अच्छा? बदलने को किसने बोला? मॅडम ने?"

इथं गप्प बसायला हवं होतं. मी ओरडलो, स्वतःचे डोळे नाहीत का, बेसबॉल कळत नाही तर कशाला आलात, असलं बरंच. दोघा सुरक्षारक्षकांनी मला दंडाला धरून गेटबाहेर काढलं. जाता जाता मागून पूर्वाचा आवाज आला, "सर, मैं इसे बोलने को नहीं बोली." म्हणजे तिला तीही सफाई द्यावी लागली.

बनशंकरी

त्या संध्याकाळी तिच्या घरी जेवायला बोलावलेलं होतं. मी जाणार नव्हतो. तिचाच मेसेज आला: "आई वाट बघतेय. ये."

मेट्रोने बनशंकरीला उतरा, मंदिराच्या बाजूने रिक्षा मिळते, मीटरचा आग्रह धरा. तिचे बाबा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं इथं आहेत. त्यांनी दारातच हात धरला. "या या! तुमची यादी आमच्या सगळ्या वॉकिंग ग्रुपला पाठवली होती. पहिला नंबर म्हटल्यावर हेगडेंनी पेढे मागितले!"

नंतरची यादी त्यांनी बघितली नव्हती.

काकूंनी बिसिबेळे भात वाढला, वर कोशिंबीर. "स्वल्प अजून घे रे. कोल्हापूरची पोरं एवढंसंच जेवतात होय?"

पूर्वा खांद्यावर बर्फाची पिशवी घेऊन बसली होती. काकूंनी विचारलं तर म्हणाली, "आज जास्त टाकले गं." आणि डाव्या हाताने जेवत राहिली. तिने तूप माझ्याकडे सरकवलं. इतकी लाज मला परीक्षेत नापास होऊनही वाटली नव्हती.

निघताना ती फाटकापर्यंत आली. मी सांगून टाकलं, बस, जाम, फोन, सगळं. ती ऐकत होती.

"नववा नंबर दिलास त्याचं काही नाही," ती म्हणाली. "ते तुझं मत, चूक का असेना. पण खांदा माझा आहे रे. त्याच्याबद्दल तू कसं लिहिलंस?"

"पूर्वा, मी ते का केलं माहितीये..."

"नको. कारण सांगू नकोस. सांगितलंस तर तेही मलाच सांभाळत बसावं लागेल." मग म्हणाली, "सरी, बरं, जा आता. रिक्षा मिळणार नाही."

ड्राफ्ट आणि परत

ड्राफ्ट शहरातल्या एका हॉटेलात होता. मी निखिलच्या फ्लॅटवर फोनवर बघितला. माझ्या यादीतल्या दुसरी, तिसरी, पाचवी पटापट गेल्या. पूर्वाचं नाव शेवटच्या फेरीत आलं, तेही खांद्याची तपासणी साफ आली तरच, या अटीवर. निखिल "येस!" म्हणून ओरडला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

ती ओळ मी गेटबाहेरच खोडली होती, कोल्हापूरला येऊन अख्खी यादी काढून टाकली. पण ती लोकांनी उचलून भलतीकडे चिकटवली आहे, ती काही परत येत नाही. म्हणून हे लिहितोय. आधी पूर्वाला विचारलं. तिचं उत्तर आलं, "लिही. कौतुक नको." त्यामुळे चेंजअपबद्दल वर जे लिहिलं त्याचीही माफी.

बंगळूरला जाणाऱ्यांनी जरूर जा. मैदान चांगलं आहे, पोरी फार चांगल्या आहेत. दोरीच्या बाहेर उभं राहून फक्त जे दिसतं ते बघा.

परवा तिच्या बाबांचा फोन आला. आवाज खुशीतला. "रिपोर्ट आला हो, खांदा एकदम क्लीन! करारावर सही पण झाली. तुम्ही लक्षात आणून दिलंत म्हणून निदान तपासून तरी घेतलं. तुमचे आभार मानायला फोन केला."

मागे काकू काहीतरी परतत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"काका," मी म्हणालो, "तिच्या खांद्याला कधीच काही नव्हतं. मी खोटं लिहिलं होतं. तिच्यावर चिडून."

मग त्यांनी विचारलं, "पूर्वाला माहीत आहे हे?"

"हो. तुमच्याकडे जेवायला आलो होतो त्याच दिवशी कळलं तिला."

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "आणि तिने तुम्हाला तूप वाढलं."