तडकलेली डिस्क आणि कोर-शॉपचा कूलर

"काकू, रिपोर्टवर सही करा. गाडी लोड होऊन राहिली," नितीन म्हणाला.

टेबलावर पिकअपच्या ब्रेकच्या दोन डिस्क होत्या, दोन्ही तडकलेल्या. डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी तबकडी. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. साकोलीजवळच्या याच फाउंड्रीत त्या ओतलेल्या. नितीन मालक, माझ्या मैत्रिणीचा मुलगा. मी रिटायर्ड मेटलर्जिस्ट, नातवंडांच्या मते भंगार. त्याला माझ्याकडून 'ड्रायव्हरची चूक' एवढं लिहून हवं होतं. म्हणजे त्याच लॉटमधला बाकी माल गिऱ्हाइकाकडे रवाना झाला असता.

"ड्रायव्हर लोक ब्रेकवर पाय ठेवूनच चालवते. मंग डिस्क तापन, तडकन. आपली काय चूक?"

"तापते तं सगळ्याच. ह्याच काहून तडकल्या?"

पंचविशीतली मी असते, तर लगेच सही केली असती. काय ती बाई! गळ्यात भिंग, कडक इस्त्रीची साडी, आणि काजळी लागेल म्हणून भट्टीच्या दारातूनच निदान. भेग कुठे आहे हे कोणीही दाखवेल. सुरू कुठे झाली, ते शोधायचं असतं.

"लॉटमधली एक नवी डिस्क काप."

"चांगली डिस्क?"

"चांगली हाय का, तेच तं पाहाचं हाय."

वरून गुळगुळीत होती. आत मात्र, हवा खेळायच्या पोकळ्यांलगत, खसखशीएवढी भोकं. याला ब्लोहोल म्हणतात. ओतताना अडकलेल्या वायूची ती जागा. डिस्क ब्रेकने तापून फुगते, मग निवून आकसते. कापडाला कात्रीचा बारीक काप असला की ताणल्यावर तिथूनच फाटतं, तसं लोखंड भोकापासून तडकतं. जुन्या दोन डिस्क भेगेवर उघडल्या. तिथेही तीच भोकं. ड्रायव्हर सुटले.

वायू आला कुठून? त्या पोकळ्या पाडायला साच्यात वाळूचा गाभा बसवतात, तो कोर. कोरने ओल धरली की वितळलेलं लोखंड पडताच वाफ होते. मी कोर-शॉपमध्ये गेले. बाहेर मे महिना, आत काय गारवा! भलामोठा कूलर, आणि त्याचा दमट झोत थेट कोरच्या रॅकवर. मी तपासासाठी जरा वेळ तिथेच बसून घेतलं.

नितीन भडकला. "काढा तो कूलर!"

कोर बनवणाऱ्या मंदाबाई उठून उभ्या राहिल्या. "काढा नं. मंग तुमीच बसा इथं. आमी काय भाजून मराचं?"

"कूलर राहील," मी म्हटलं. "कोर हलवा. बनले की ओव्हनशेजारच्या गरम खोलीत, थेट साच्यात बसवायच्या वेळीच बाहेर."

"आन् गाडीतला माल?"

"उतरव."

"काकू, पार्टी मले खाऊन टाकन!"

"भरली पिकअप उतारावर थांबली नाही, तं कोणाले खाईल?"

 नितीनने बाहेर जाऊन स्वतःच हमालांना हाक मारली. अख्खा लॉट परत भट्टीत गेला.

नव्या लॉटमधून हाताला येतील त्या डिस्क कापल्या. आत घट्ट, सलग लोखंड. पार्टीने उशिराबद्दल बडबड केली आणि माल घेतला. मंदाबाईंनी कूलरचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं.

तडकलेल्या डिस्कचा रिपोर्ट कोणी मागितला, की आपण आधी करवत मागावी.