इद्रिससाहेबांचा आवाज

"आदमी अच्छा है, आवाज बदल दो," क्लायंट म्हणाला आणि त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

शारजातल्या आमच्या एडिटिंग रूममध्ये आम्ही तिघं होतो. रास अल खैमाच्या एका सिरॅमिक फॅक्टरीचा मॅनेजर, आमचे बॉस नायरसाहेब आणि मी, साउंड रेकॉर्डिस्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कामगारांसाठी आम्ही एक सेफ्टी फिल्म बनवली होती. त्यातल्या म्हाताऱ्या ब्रिटिश इंजिनियरचं काम इद्रिससाहेबांनी केलं होतं.

"ब्रिटिश बोला था ना आपने?" मॅनेजर नायरसाहेबांना म्हणाला. "ये तो गाना गा रहा है. हमें न्यूजवाली इंग्लिश चाहिए."

इद्रिस हे माझ्या चाचांचंही नाव. पण हे साहेब वेल्सचे. वेल्स ब्रिटनमध्येच येतं, मात्र तिथली भाषा वेगळी आणि इंग्लिश बोलण्याची चालही वेगळी, वर चढून हळूच उतरणारी. आयुष्यभर सिनेमा-टीव्हीत कामं करून ते दुबईला मुलीकडे राहायला आले होते.

शूटिंगला जाताना गाडीत मी विचारलं होतं, "सर, रोल कसले कसले केलेत?"

"पोलीस, पाद्री, रशियन जेलर. दोनदा प्रेत," ते हसून म्हणाले. "पण आमच्या गावचा माणूस कधीच नाही. नाटकाच्या शाळेत माझी बोली घासूनपुसून काढली. आई टीव्ही बघून म्हणायची, तोंड आमचंच आहे, आवाज कुणाचा आणलास? आज मात्र हा इंजिनियर आमच्या खाणींच्या गावचा आहे. मी ठरवलंय."

आणि ते तसे बोलले. इतकं छान की भट्टीजवळचे कामगार जेवण सोडून ऐकत उभे राहिले.

शूट संपल्यावर मी रूम टोन घेतला. रूम टोन म्हणजे जागेचा रिकामा आवाज. शांततेलाही आवाज असतो, कुठे पंख्याचा, कुठे लांबच्या मशीनचा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली फट बुजवायला तो लागतो. त्यासाठी सगळ्यांनी अर्धं मिनिट गप्प उभं राहायचं असतं. कॅमेऱ्याच्या टेपशिवाय तो मी माझ्या छोट्या रेकॉर्डरवरही घेत असे. हौस म्हणून साठवायचो. त्या दिवशी इद्रिससाहेब रंगात आले होते. मी रेकॉर्डर सुरू केला आणि ते आईबद्दल काहीतरी सांगायला लागले.

"क्वायट प्लीज, सर," मी म्हणालो. कामात मध्येच कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. ते गप्प झाले.

मॅनेजर गेल्यावर मी नायरसाहेबांना म्हटलं, "सर, वर्कर्सको सब समझ रहा था. और इद्रिससाहबने कितने दिलसे किया है."

"मुश्ताक, फिल्म क्लायंटकी है. बुलाओ, डब करवाओ, खलास."

डबिंग म्हणजे पडद्यावरच्या ओठांकडे बघत तेच वाक्य पुन्हा बोलायचं. मला वाटलं होतं, साहेब चिडतील. ते आले, पाणी प्यायले, हेडफोन लावला आणि सगळी फिल्म न्यूजवाल्या इंग्लिशमध्ये बोलून मोकळे झाले. एकही रीटेक नाही.

"सवय आहे मला," हेडफोन काढताना ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

ओरिजिनल साउंड ठेवू या, असं मी नायरसाहेबांना सांगितलं. ते "देखेंगे" म्हणाले. मी सुट्टीवर रत्नागिरीला गेलो. परत आलो तेव्हा त्या टेप पुसून त्यांवर दुसऱ्याच कंपनीचं प्रदर्शन शूट झालं होतं. तशी पद्धतच होती. क्लायंटनं ओके म्हटलं की टेप पुन्हा वापरायची.

काही वर्षांनी साहेबांच्या मुलीचा फोन आला. साहेब गेले होते.

"घरात त्यांच्या फिल्म्सच्या कॅसेटी ढीगभर आहेत," ती म्हणाली, "पण एकीतही ते आमच्याशी बोलायचे तसे बोलत नाहीत. तुमच्याकडे तो जुना साउंड आहे का?"

नाही म्हणताना मला फार वाईट वाटलं.

मग आठवण झाली. शुक्रवारच्या सुट्टीत शारजाच्या रोल्ला भागातल्या माझ्या फ्लॅटवर रूम टोनचा खोका उपसला. फॅक्टरीची टेप सापडली. आधी पंखा, लांबवर भट्टी. मग त्यांचा आवाज, त्यांच्या गावचा. "माय मदर, यू नो, शी..." लगेच माझा आवाज, "क्वायट प्लीज, सर." मग ते, अगदी हळू, "सॉरी, बाख." बाख म्हणजे त्यांच्या भाषेत बाळा. सगळ्यांनाच म्हणायचे. त्यानंतर अर्धं मिनिट नुसता पंखा.

मी ते जसंच्या तसं कॅसेटवर उतरवून पाठवलं. तिचा फोन आला. "हेच. घरात असंच सॉरी म्हणायचे." मग तिनं विचारलं, "आजीबद्दल ते काय सांगत होते?"

मला ठाऊक नव्हतं. ऐकूनच घेतलं नव्हतं.

अजूनही मी रूम टोन घेतो. कुणी बोलायला लागलं तर आता थांबतो, त्याचं होऊ देतो. शांतता काय, नंतरही मिळते.