दादांची गाडी इमामपूरचा घाट चढली

१९७१ साल, फेब्रुवारी महिना, मंगळवार. दादांना जाऊन चार दिवस झाले होते. सकाळी गणपत मिस्त्री केडगावला घरी आले, मी शेडचं दार उघडलं आणि आम्ही दादांच्या गाडीचं इंजिन खोलायला घेतलं.

इतकी वर्षं हे कुठे लिहिलं नव्हतं... मुलगी म्हणाली, इथे लिहा, म्हणून लिहितो आहे.

दादा म्हणजे माझे वडील. ते डॉक्टर होते. साखर कारखान्याची मशिनरी बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना आपली गाडी त्यांना देऊन गेला. तिला पेट्रोल आणि हवा मिसळणारा नेहमीचा कार्ब्युरेटरच नव्हता... एक पंप प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोल मोजून फवारायचा. फ्युएल इंजेक्शन. तो पंप बिघडला, त्याचे पार्ट इथे मिळेनात, आणि गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी राहिली.

मी डिप्लोमा झालेला. कार्ब्युरेटर बसवून गाडी चालू करून देतो, असं मी दादांना सांगितलं होतं. ते अधूनमधून विचारायचे, मी पुढच्या महिन्यावर ढकलायचो... आणि ते गेले.

म्हणून ठरवलं, दहाव्याला त्यांच्या अस्थी प्रवरासंगमला न्यायच्या त्या याच गाडीतून. हातात सहा दिवस होते.

कर्जतहून आलेले थोरले काका खवळले. तेराव्यानंतर गाडी भंगारवाल्याला द्यायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. "साऱ्या गावाला इंजेक्शनं दिली माझ्या भावानं, अन् दारातल्या गाडीला एक न्हाई मिळालं! आन ह्यो सुतकात गाडीखाली लोळतोय."

मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "काका, सुतकात भुईवरच झोपायचं असतं ना? मंग बराबर हाय की!"

आई आतून एवढंच म्हणाली, "करू द्या त्याला."

इंजेक्शनचा पंप काढला. त्याच्या नळ्या जिथे बसायच्या ती भोकं पितळी बुचं लावून बंद केली. मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या गाड्यांचे दोन कार्ब्युरेटर आणले होते. ते बसावेत म्हणून जाड पट्ट्या कापल्या, घासल्या, भोकं पाडली... हाताची सालं निघाली.

सातव्या दिवशी इंजिन चालू झालं. दोनच मिनिटं... मग दोन्ही कार्ब्युरेटरमधून पेट्रोल बाहेर वाहायला लागलं आणि इंजिन घुसमटून बंद पडलं.

आठवा दिवस कार्ब्युरेटर खोलण्यात आणि परत जोडण्यात गेला. दोष काही सापडेना. काकांनी प्रवरासंगमच्या एसटीची वेळ विचारून ठेवली.

नवव्या दिवशी दुपारी दादांच्या दवाखान्यात कापूस आणायला गेलो. कोपऱ्यात सलाईनचा स्टँड उभा होता. दादांच्या शेवटच्या आठवड्यात मी तासन् तास त्या बाटलीतून पडणारे थेंब बघत बसलो होतो... बाटली उंच टांगली की झालं. मागून ढकलणारं काही लागत नाही.

तिथेच चूक लक्षात आली. आम्ही इंजेक्शन काढलं होतं, पण त्याला पेट्रोल पोचवणारा टाकीजवळचा विजेचा पंप तसाच ठेवला होता. त्याचा जोर कार्ब्युरेटरला झेपत नव्हता.

त्या पंपाची वायर काढून टाकली. टपावरच्या कॅरिअरला पाच लिटरचा डबा घट्ट बांधला, त्याला तोटी लावली आणि नळी खाली इंजिनपर्यंत आणली. मिस्त्री पोट धरून हसले, "इंजेक्शन काढलं अन् सलाईन लावलं! डॉक्टरची गाडी शोभती बघा." इंजिन अर्धा तास चाललं... थेंबभर पेट्रोल बाहेर आलं नाही.

दहाव्याला सकाळी अस्थींचा कलश माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला. मिस्त्री मागे बसले, खिडकीतून हात बाहेर काढून नळी धरून. "वाटंत बंद पडली तर दहावा काय रस्त्यावर घालायचा?" म्हणत काका बाकीच्यांना घेऊन आधीच एसटीने निघून गेले होते.

खरी भीती इमामपूरच्या घाटाची होती. चढाला गाडीचं नाक वर जाणार, मग पेट्रोल पुढे पोचेल का... मी दुसरा गिअर टाकला आणि कलशावर एक हात ठेवला. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

अर्ध्या घाटात एक भरलेली एसटी पुढे कण्हत चढत होती. मिस्त्री ओरडले, "घ्या साईडनं! हॉर्न द्या, हॉर्न!" सुतकात हॉर्न वाजवावा का, असं क्षणभर वाटलं... मग वाजवला. चांगला लांब वाजवला.

एसटीच्या खिडकीत काका होते. मिस्त्रींनी एका हातातली नळी सोडली नाही, दुसऱ्या हाताने त्यांना रामराम केला.

एसटी प्रवरासंगमला पोचली तोवर आमचं बॉनेट निवायला आलं होतं. विधी झाले, अस्थी सोडल्या. कावळाही फार वेळ न लावता शिवला.

बाकीचे स्टँडकडे निघाले. काका मात्र मागे राहिले. गाडीभोवती एक फेरी मारली, टपावरच्या डब्याकडे बघितलं. "परतीला पुरंल का रं तेवढं?"

"पुरेल काका. कॅन आणलाय बरोबर."

दार उघडून ते पुढच्या सीटवर बसले. भंगारवाल्याचा विषय नंतर आमच्या घरात कधी निघाला नाही.

दादांना दिलेला शब्द उशिरा पाळला... पण पाळला. गणपत मिस्त्री आता नाहीत. त्या सहा दिवसांत 'जमायचं नाही' असं ते एकदाही म्हणाले नाहीत, त्याबद्दल त्यांचे आभार इथेच मानतो.

त्या संध्याकाळी सगळे घरात गेल्यावर मी एकटाच शेडमध्ये थांबलो. बादलीभर पाणी आणलं, एक जुना पंचा घेतला आणि घाटाची धूळ पुसून काढली... आधी काचा, मग दारं, मग टप.