खळ्यातली घूस

आमच्या अंगणात घूस लागली होती, असं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि मी शेजारी उभा राहून मान हलवतो. ती घूस मीच आहे. हे बायकोला माहीत आहे, आता तुम्हालाही. सासऱ्यांना कळता कामा नये.

आमचं घर बोरिवलीला, गोराईकडच्या बैठ्या घरांच्या रांगेत. पुढे चार खुर्च्या मांडल्या की संपेल एवढं अंगण. समोर टॉवर उभा राहिल्यापासून तिथे ऊन पडत नाही. लावलेली हिरवळ दर वर्षी पिवळी पडून मरते. शेवटी बायको म्हणाली, "आता प्लास्टिकचं गवत घालू. त्याला तरी मरता येणार नाही."

गवतवाल्या तरुणाने मला फोनवर नीट समजावलं होतं. "अंकल, गवत मी एका दिवसात टाकतो. खालचा बेस तुम्ही करून घ्या. माती खरवडून काढा, खडी पसरा, वर बारीक कच, आणि गटाराकडे थोडा उतार. पाणी खाली मुरलंच पाहिजे. साचलं तर घरभर नाल्याचा वास." मी वरची माती काढून घेतली, खडीच्या गोण्या आणून ठेवल्या आणि ऑफिसला निघून गेलो.

घरात सासरे होते, हे मी विसरलो. गावी विहिरीवर चक्कर येऊन पडले, तेव्हा बायकोने त्यांना इथे आणलं. गावच्या घरात ते एकटेच असतात. पुन्हा पडले तर बघणारं कोणी नाही. पण त्यांना इथे करमत नव्हतं. त्यांची पिशवी भरलेली, दाराच्या मागे तयार. आमटीत मीठ कमी पडलं तरी ते आधी आमटीकडे आणि मग पिशवीकडे बघायचे. एकदा तर रिक्षात बसलेही होते. बायकोने रडून उतरवलं.

त्या संध्याकाळी घरी आलो, तर अंगणात खळं तयार होतं. कोकणात पावसाळा सरला की घरापुढची जमीन उकरतात, भिजवतात आणि लाकडी चोपण्याने बडवून तव्यासारखी घट्ट करतात. सासऱ्यांनी खडीच्या गोण्या कोपऱ्यात सारल्या होत्या आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, सरकत सरकत सगळी जमीन बडवली होती. चोपणं मिळालं नाही म्हणून माझी कॉलेजातली बॅट घेतली होती. सारवायला शेण मिळालं नाही, नाहीतर तेही झालं असतं.

"खडी आत नाही घातली?" मी विचारलं.

"खडी रस्त्यार घालतत, जावयबापू. अंगणात नाय."

"पण ते प्लास्टिकचं गवत..."

"गवत प्लास्टिकचा. जमीन प्लास्टिकची नाय ना?"

तोंडावर माती, घामाने चिकटलेला सदरा, आणि चेहरा असा की आल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस पाहुणा वाटत नव्हता. मी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी तळ्यासारखं उभं राहिलं. सासरे खूश होऊन म्हणाले, "बघा, एक थेंब आत जाणा नाय."

आत गेल्यावर बायकोने मला ओट्याशी गाठलं. "तू बाबांना काही बोलू नकोस हं."

"अगं, वाट लागेल सगळ्याची."

"लागू दे. चुकलं म्हणालास तर ते उद्या गावी. मग तू जाऊन राहा तिकडे विहिरीवर लक्ष ठेवायला."

म्हणून मी ते केलं. गवतवाला यायला अजून महिना होता. दुपारी जेवून सासरे घोरायला लागले की घरून काम करण्याच्या दिवशी मी पहार घेऊन बाहेर जायचो आणि गटाराच्या बाजूला खोल भोकं पाडायचो. मला हे शोभत नव्हतं. लॅपटॉपवर मीटिंग चालू असायची, माझा आवाज बंद, आणि मी वाकून म्हाताऱ्याच्या कष्टांना भोकं पाडतोय.

सासऱ्यांनी भोकं पाहिली आणि निदान केलं. "घूस."

मी खोटं बोललो नाही. मी फक्त म्हणालो, "मोठी दिसते."

मग युद्ध सुरू झालं. सासरे भोकं बुजवायचे, बॅटने बडवायचे. मी पुन्हा पाडायचो. त्यांनी पिंजरा आणला, त्यात बायकोच्या डब्यातले सुके बोंबील लावले. पिंजऱ्यात शेजारच्यांचं मांजर सापडलं, त्यावरून बोलाचाली झाली. सासरे मात्र उत्साहात. पिशवीकडे बघायला त्यांना वेळच नव्हता.

"घूस हुशार असा," एकदा चहा पिताना ते म्हणाले. "सगळी भोका एका लायनीत. उताराच्या बाजूकच."

चहा माझ्या नाकात गेला.

गवतवाला येणार त्याच्या आदल्या दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि पहार हातात दिली. "मी जरा पडतंय. तुम्ही हयसर बसा. इली तर डोक्यार घाला." चोराच्या हातात चावी देणं म्हणतात ते हेच. त्या दुपारी मी अंगणाची चाळण केली, भोकांत खडी भरली, वर कच पसरली आणि गवताखाली घालायचं कापड अंथरूनच टाकलं. उठल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "इली?"

"आता येणार नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गवत टाकून झाल्यावर त्या तरुणाने पाइपने पाणी सोडलं. बघता बघता मुरलं. "बेस कोणी केला? एकदम झकास."

"चोपूक व्हया," सासरे म्हणाले. "नायतर पाणी धरता."

याच्या नेमकं उलट मी महिनाभर शिकलो होतो. मी मान हलवली.

परवा बघतो, तर त्यांची पिशवी दाराच्या मागे नाही. कपडे कपाटात. गावाचं विचारलं तर म्हणाले, "बघूया. शेजारच्यांका पण ह्याच गवत घालूचा हा. त्येंचा खळा माका सांगितल्यानी."

काल सकाळपासून भिंतीपलीकडून बॅटचे ठोके ऐकू येतायत. शेजारच्या काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते दुपारी किती वाजता झोपतात, एवढंच सहज विचारून ठेवलंय.